जुना कॉम्प्युटर देण्याआधी त्यातली डिस्क कशी पुसायची

विंडोज 10 ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. बऱ्याच जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज 11 बसत नाही. त्यामुळे सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतले टॉवेलचे कारखाने, गणवेश शिवणारे, दवाखाने, सीएंची ऑफिसं, शाळा अशा सगळ्यांसमोर जुन्या मशीनचं करायचं काय हा प्रश्न आहे. कुणी ते विकतं, कुणी गावाकडच्या पुतण्याला देतं, कुणी सरळ भंगारात टाकतं. आतली डिस्क मात्र बहुतेक वेळा तशीच जाते.

टॉवेल कारखान्याच्या अकाउंट्सच्या मशीनवर काय काय असतं ते आठवून बघा. कामगारांच्या आधार-पॅनचे स्कॅन, पीएफ आणि ईएसआयच्या याद्या, बँक खात्यांचे नंबर, व्यापाऱ्यांना दिलेले दर, जॅकार्डच्या डिझाइन फाइल्स. यातला मोठा भाग मालकाचा नाहीच. तो मागावर उभ्या असलेल्या माणसांचा आहे, आणि त्यांनी तो विश्वासाने दिलेला आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 टप्प्याटप्प्याने लागू होतो आहे. डेटा जपण्याची वाजवी काळजी घेतली नाही, तर त्यात दंडाची कमाल मर्यादा 250 कोटी रुपये आहे. पण कायदा नसता, तरी हे काम करायलाच हवं होतं.

डिलीट केलं की फाइल जाते, हा समज आधी सोडा. डिलीट केल्यावर, रिसायकल बिन रिकामा केल्यावर किंवा क्विक फॉरमॅट केल्यावर विंडोज फक्त डिस्कच्या नोंदवहीतून फाइलचं नाव काढतं आणि ती जागा मोकळी आहे असं मानतं. घरावरची पाटी काढली म्हणून घर रिकामं होत नाही. रेकुव्हा किंवा फोटोरेकसारखं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर अशा फाइल्स तासाभरात बाहेर काढतं, त्यासाठी कुठलंही खास शिक्षण लागत नाही. फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकलं तरी जुन्या डेटाचा फक्त काही भाग झाकला जातो, बाकीचा तसाच राहतो.

पुसण्याआधी

पुसलेलं परत येत नाही, म्हणून पहिला दिवस बॅकअपला द्या. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून 72 महिने जपावी लागतात, आणि कंपनी असेल तर कंपनी कायदा 2013 प्रमाणे हिशेबाच्या वह्या 8 वर्षं. टॅलीचा डेटा कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते टॅलीतच कंपनी निवडायच्या पडद्यावर डेटा पाथ म्हणून दिसतं. तो अख्खा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर घ्या, दुसऱ्या मशीनवर उघडून बघा, बॅलन्स शीट दिसली की मगच पुढे चला. कॉपी झाली म्हणजे बॅकअप झाला असं नाही, उघडला तर बॅकअप झाला.

टॅलीचं लायसन्स जुन्या मशीनवरून सरेंडर करायचं राहून गेलं, तर नव्या मशीनवर ते चालू करताना अडचण येते. डीटीपीच्या मशीनवर श्रीलिपीसारखं सॉफ्टवेअर असेल तर त्याचं लायसन्स आणि डोंगलही (लायसन्सची यूएसबी किल्ली) आधी बघून घ्या. डेस्कटॉप, डाउनलोड्स आणि आउटलुकच्या मेल फाइल्स हमखास विसरल्या जातात. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्डही त्याच मशीनवर असतात.

डिस्क कुठली आहे ते ओळखा

पुढची सगळी पद्धत यावर ठरते, म्हणून इथे घाई नको. टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्समध्ये डिस्कवर क्लिक करा. तिथे एचडीडी किंवा एसएसडी असं लिहिलेलं असतं. एचडीडी म्हणजे फिरणाऱ्या चकत्यांची जुनी हार्ड डिस्क. डेस्कटॉपमध्ये ती साडेतीन इंची असते, लॅपटॉपमध्ये अडीच इंची. एसएसडीत काहीच फिरत नाही, नुसत्या चिप असतात. ती अडीच इंची चपट्या डबीत, साटा जोडणीची येते, किंवा च्युइंगगमच्या पट्टीएवढी, मदरबोर्डवर आडवी बसवलेली, बहुधा एनव्हीएमई जोडणीची असते. काही मशीनमध्ये दोन्ही असतात, विंडोज एसएसडीवर आणि डेटा हार्ड डिस्कवर. तिथे दोन्ही पुसायच्या.

मग क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर टाकून डिस्कची तब्येत बघा. हेल्थ गुड असेल तर ठीक. कॉशन असेल तर खाली 05 आणि सी5 या ओळी बघा. सी5 म्हणजे नीट वाचता न येणारे सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे डेटाचे छोटे कप्पे. 05 म्हणजे डिस्कने खराब झालेले सेक्टर बाजूला टाकून त्यांच्या जागी राखीव सेक्टर घेतले आहेत. बाजूला टाकलेल्या सेक्टरमध्ये जुना डेटा उरलेला असू शकतो, आणि साध्या पुसण्याने तिथे पोचता येत नाही. दवाखान्याच्या किंवा बँकेच्या कामाची डिस्क असेल आणि हा आकडा शून्याच्या वर असेल, तर ती विकायचा विचार सोडा. पुसा आणि फोडा.

फिरणारी हार्ड डिस्क: विंडोजमधून

पुसायची डिस्क दुसऱ्या चालू कॉम्प्युटरला जोडायची असते. अडीच इंची डिस्क यूएसबीच्या केबलवरच चालते. साडेतीन इंची डिस्कला 12 व्होल्टचा वेगळा अडॅप्टर असलेला डॉक (डिस्क खोचून यूएसबीला जोडायचं स्टँड) लागतो. वीज कमी पडली की डिस्क टक-टक आवाज करते आणि मध्येच गायब होते. लोकांना वाटतं डिस्क मेली, पण दोष अडॅप्टरचा किंवा केबलचा असतो. पोर्ट निळ्या रंगाचा, म्हणजे यूएसबी 3 चा निवडा. त्या मशीनला लावलेले बाकीचे सगळे पेन ड्राइव्ह आणि बाहेरच्या डिस्क काढून ठेवा. या कामातला सगळ्यात मोठा अपघात म्हणजे चुकीची डिस्क पुसली जाणं, आणि तो टाळायचा सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे चुकीची डिस्क जोडलेलीच नसणं.

खालच्या आज्ञा कीबोर्डवर इंग्रजीत टाइप करायच्या आहेत, इथे त्या उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत.

1. स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करा, कमांड प्रॉम्प्टवर राइट क्लिक करून रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर निवडा.

2. डिस्कपार्ट लिहून एंटर. मग लिस्ट डिस्क. जोडलेल्या डिस्कची यादी येईल. नाव दिसत नाही, फक्त नंबर आणि आकार दिसतो. 500 जीबीची डिस्क इथे 465 जीबी दिसते, 1 टीबीची 931 आणि 256 ची 238. डिस्क 0 बहुधा चालू मशीनची स्वतःची असते, तिला हात लावू नका.

3. सिलेक्ट डिस्क 1 लिहा, किंवा तुमचा जो नंबर असेल तो. मग डिटेल डिस्क. इथे कंपनीचं मॉडेल दिसतं. डिस्कच्या लेबलवर छापलेलं मॉडेल याच्याशी ताडून बघा. दोन माणसांनी बघितलं तर उत्तम.

4. क्लीन ऑल. एंटर दाबलं की काम सुरू. खात्री आहे का असं डिस्कपार्ट विचारत नाही.

ऑल हा शब्द विसरू नका. नुसतं क्लीन लिहिलं तर दोन सेकंदांत काम झाल्याचं दिसतं, पण त्यात फक्त पार्टिशनचा तक्ता (डिस्कचे भाग कुठे आहेत याची नोंद) जातो आणि सगळा डेटा जागेवर राहतो. क्लीन ऑल मात्र पहिल्यापासून शेवटच्या सेक्टरपर्यंत शून्य लिहीत जातं.

याला वेळ लागतो. सेकंदाला सरासरी 100 एमबी धरली, तर 500 जीबीला साधारण दीड तास आणि 1 टीबीला पावणेतीन तास. जुन्या यूएसबी 2 पोर्टवर हाच वेग 30 एमबीच्या आसपास येतो, मग 1 टीबीला 9 तासांच्या वर जातात. डिस्कच्या आतल्या कडेकडे वेग जवळपास अर्धा होतो, तेव्हा उत्तरार्ध रेंगाळला तर घाबरू नका. डिस्कपार्ट किती टक्के झालं तेही दाखवत नाही, नुसता कर्सर लुकलुकतो. अडकलं समजून बरेच जण खिडकी बंद करतात आणि अर्धवट पुसलेली डिस्क पूर्ण समजून देऊन टाकतात. टास्क मॅनेजरमध्ये त्या डिस्कचा राइट स्पीड बघा, आकडा हलतोय म्हणजे काम चालू आहे. सुरू करण्याआधी पॉवर सेटिंगमध्ये स्लीप नेव्हर करून ठेवा.

सोलापूरच्या उन्हाळ्याचाही विचार करा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि टेबलावर उघडी ठेवलेली साडेतीन इंची डिस्क तीन तास सलग लिहीत राहिली की चांगलीच तापते. बहुतेक डिस्कची मर्यादा 60 अंश सेल्सिअस असते. टेबल फॅन लावा, डिस्क पुठ्ठ्यावर किंवा चादरीवर ठेवू नका, आणि काम सकाळी लवकर किंवा रात्री करा. लाइट गेली तर शून्य लिहिण्याच्या या पद्धतीत डिस्कचं काही बिघडत नाही, फक्त पहिल्यापासून पुन्हा सुरुवात करावी लागते. 600 व्हीएचा साधा यूपीएस डेस्कटॉपला 10-15 मिनिटं धरतो, तीन तास नाही. इन्व्हर्टर असेल तर बरं. लॅपटॉपवर काम करत असाल तर डॉकचा अडॅप्टरही इन्व्हर्टरच्याच लाइनवर लावा, नाहीतर लॅपटॉप चालू राहतो आणि डिस्क बंद पडते.

मध्येच सायक्लिक रिडन्डन्सी चेकची चूक आली, तर डिस्कवर खराब सेक्टर आहेत आणि काम तिथेच थांबलं आहे. पुढच्या भागाला हात लागलेला नाही. ती डिस्क फोडायच्या ढिगात टाका.

एकाच वेळी बरीच मशिनं असतील तर

शाळेची लॅब किंवा ऑफिसची दहा मशिनं असतील, तर प्रत्येकाची डिस्क काढत बसण्यापेक्षा श्रेडओएस वापरा. हे पेन ड्राइव्हवरून चालणारं, डिस्क पुसायचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्याची इमेज रुफस या सॉफ्टवेअरने पेन ड्राइव्हवर लिहा, मशीनच्या बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधी उघडता येणारा सेटिंगचा पडदा) सिक्युअर बूट बंद करा आणि पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू करा. त्यातल्या एनवाइप या पुसणाऱ्या प्रोग्रामचा पडदा येतो आणि त्यात डिस्कची यादी मॉडेल आणि सीरियल नंबरसकट दिसते. स्पेसने डिस्क निवडा, एमने पद्धत निवडा, व्हीने पडताळणी चालू करा आणि शिफ्ट-एसने सुरुवात करा. मशीनमधल्या दोन-तीन डिस्क तो एकदमच पुसतो. शेवटी प्रत्येक डिस्कपुढे इरेज्ड असं आलं पाहिजे. तिथे चूक दाखवत असेल तर ती डिस्क पुसली गेली असं धरू नका.

जुन्या लेखांत डीबॅन हे पुसायचं सॉफ्टवेअर सुचवलेलं दिसेल. त्याची शेवटची आवृत्ती 2015 ची आहे आणि ते एसएसडीसाठी नाही. आज त्याच्या वाटेला जायचं कारण नाही.

किती वेळा पुसायचं यावर फार वाद ऐकू येतात. 35 वेळांचा आकडा पीटर गुटमन यांच्या 1996 च्या निबंधातून आला. तो त्या काळच्या आणि त्याआधीच्या डिस्कच्या वेगवेगळ्या लेखनपद्धतींसाठी होता, आणि आधुनिक डिस्कला त्याची गरज नाही हे गुटमन यांनीच नंतर स्पष्ट केलं. अमेरिकेच्या निस्ट या संस्थेच्या 2014 च्या मार्गदर्शनातही फिरणाऱ्या डिस्कला एकदा नीट लिहिणं सर्वसाधारण गरजेला पुरेसं मानलं आहे. 1 टीबीची डिस्क 35 वेळा पुसायला चार दिवस लागतील आणि सुरक्षा तसूभरही वाढणार नाही. तो वेळ पडताळणीला द्या. एकदा शून्य, मग तपासणी, एवढं ठरवून टाका.

एसएसडीला हे चालत नाही

नवशिक्यांची सगळ्यात जास्त फसगत इथे होते. एसएसडीतल्या चिपचा प्रत्येक कप्पा ठराविक वेळाच लिहिता येतो, म्हणून डिस्कचा कंट्रोलर (तिचा कारभार बघणारी चिप) लिखाण सगळीकडे सारखं वाटत राहतो. तुम्ही जुन्या जागेवर शून्य लिहायला सांगता आणि तो ते दुसऱ्याच कप्प्यात लिहितो. शिवाय एसएसडीत काही जागा राखीव असते, ती विंडोजला दिसतच नाही. म्हणून क्लीन ऑल चालवल्यावर वरून सगळं शून्य दिसलं, तरी आत जुन्या डेटाचे तुकडे उरू शकतात. त्यात डिस्क फुकट झिजते ती वेगळीच.

एसएसडीला तिच्या कंट्रोलरलाच पुसायला सांगावं लागतं. सोप्यात सोपी वाट बायोसची. डेलच्या बऱ्याच ऑफिस मॉडेलमध्ये डेटा वाइप आणि एचपीच्या बिझनेस मॉडेलमध्ये सिक्युअर इरेज असा पर्याय बायोसमध्येच असतो. तो नसेल तर डिस्क बनवणाऱ्या कंपनीचं सॉफ्टवेअर घ्या: सॅमसंगचं मॅजिशियन, क्रुशियलचं स्टोरेज एक्झिक्युटिव्ह, किंग्स्टनचं एसएसडी मॅनेजर. त्यात सिक्युअर इरेज किंवा सॅनिटाइझ निवडा. काम काही सेकंदांत ते काही मिनिटांत संपतं, आणि ते एवढ्या लवकर झालं म्हणून शंका घ्यायची गरज नाही.

अडचणी इथेही येतात. डिस्क फ्रोझन आहे असा संदेश आला, तर मशीन सुरू होताना बायोसने सुरक्षेसाठी ती आज्ञा बंद केलेली असते. मशीन एकदा स्लीपमध्ये घालून पुन्हा जागं केलं की बहुधा सुटते. ही आज्ञा यूएसबी केबलवरून देऊ नका. मधली चिप ती नीट पुढे पाठवेलच असं नाही, आणि डिस्क कायमची निकामी होऊ शकते. डिस्क मदरबोर्डलाच लावा. साटा डिस्कवर सिक्युअर इरेज करताना आधी पासवर्ड लावला जातो आणि काम पूर्ण झालं की तो आपोआप जातो. मध्ये लाइट गेली तर डिस्क कुलूपबंद राहते. म्हणून हे काम यूपीएसवरच करा, आणि पासवर्ड विचारला तर साधाच ठेवून कागदावर लिहून ठेवा. एनव्हीएमईच्या सॅनिटाइझला ही भीती कमी आहे, कारण लाइट परत आल्यावर ते काम डिस्क स्वतः पुढे चालू करते.

या आज्ञेवरही आंधळा विश्वास नको. 2011 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो केंद्रातल्या संशोधकांनी एसएसडी तपासल्या, तेव्हा एका डिस्कने काम झाल्याचं कळवलं आणि आतला सगळा डेटा शाबूत निघाला. तेव्हापासून डिस्क सुधारल्या आहेत. तरी स्वस्तातल्या, नाव न ऐकलेल्या कंपनीच्या एसएसडीसाठी आमचा सल्ला दुहेरी आहे: आधी बिटलॉकर या विंडोजमधल्या सोयीने अख्खी डिस्क कूटबद्ध करा, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी करा, आणि तेव्हा फक्त वापरलेली जागा हा पर्याय न निवडता संपूर्ण ड्राइव्ह निवडा. मग सिक्युअर इरेज, तो नसेल तर पूर्ण फॉरमॅट. रिकव्हरी की कुठे साठवली असेल तर तीही काढून टाका. मग आत काही उरलंच, तरी त्यातला बहुतेक भाग किल्लीशिवाय निरर्थक असतो. नवीन मशीन घेताना बिटलॉकर पहिल्या दिवसापासून चालू ठेवलात, तर पाच वर्षांनी हे काम निम्म्याहून हलकं होतं.

लॅपटॉप विंडोजसकट घरातल्याच कुणाला द्यायचा असेल, तर सेटिंग्ज, सिस्टिम (विंडोज 10 मध्ये अपडेट अँड सिक्युरिटी), रिकव्हरी, रिसेट धिस पीसी या वाटेने जा आणि रिमूव्ह एव्हरीथिंग निवडा. पण तिथेच थांबू नका. चेंज सेटिंग्ज उघडून क्लीन डेटा चालू करा, आणि डी ड्राइव्ह असेल तर सगळ्या ड्राइव्हमधल्या फाइल्स काढायचा पर्यायही. हे दोन्ही आपोआप चालू नसतात.

तपासणी

पुसलेली डिस्क एचएक्सडी या फुकट सॉफ्टवेअरमध्ये उघडा. टूल्समध्ये ओपन डिस्क असतं. रीड ओन्ली ठेवा. सुरुवात, मध्य, शेवट आणि अधूनमधून आणखी पाच-सहा ठिकाणी उडी मारून बघा, सगळीकडे 00 दिसलं पाहिजे. एनवाइपमध्ये यादृच्छिक आकड्यांची पद्धत निवडून ब्लँकिंग (शेवटी शून्य लिहिणं) बंद ठेवलं असेल तर शून्याऐवजी अर्थहीन अक्षरं दिसतील, तेही चालतं. वाचता येणारा एकही शब्द दिसला, तर पहिल्यापासून पुन्हा. त्यानंतर फोटोरेक चालवा आणि त्याला एकही फाइल सापडत नाही हे बघा. एसएसडीच्या राखीव जागेत ही सॉफ्टवेअरं पोचत नाहीत, म्हणून तिथे ही तपासणी अर्धीच मानायची.

बंद पडलेली डिस्क

मशीनला दिसतच नसलेली डिस्क पुसता येत नाही, पण डेटा काढून देणाऱ्याला ती उघडता येते. ती फोडायचीच. टॉर्क्स पाने लागतात, मोठ्या डिस्कला बहुधा टी8 आणि लॅपटॉपच्या डिस्कला टी6 किंवा टी5. सगळे स्क्रू काढूनही झाकण निघत नसेल तर एक स्क्रू लेबलखाली दडलेला असतो, बोटाने दाबून बघा. लॅपटॉपच्या डिस्कमधल्या चकत्या बऱ्याचदा काचेच्या असतात आणि घाव बसताच त्यांचा चुरा उडतो. डोळ्यांना गॉगल, हातात जाड हातमोजे, आणि डिस्क गोणपाटात गुंडाळूनच हातोडा. मोठ्या डिस्कच्या चकत्या बऱ्याचदा ॲल्युमिनियमच्या असतात, त्या वाकवा किंवा ड्रिलने प्रत्येकीतून तीन-चार भोकं पाडा. वेल्डिंगच्या किंवा फॅब्रिकेशनच्या दुकानात हे पाच मिनिटांचं काम आहे, फक्त समोर उभं राहून करून घ्या.

एसएसडीत वरची डबी फोडून उपयोग नाही. आतल्या पाटीवरची प्रत्येक काळी चिप तुटली पाहिजे. स्पीकरचं लोहचुंबक डिस्कवर फिरवून काही होत नाही, आणि एसएसडीवर तर चुंबकाचा परिणामच नाही. डिस्क जाळू कधीच नका, धूर विषारी असतो.

ज्या डिस्क लक्षात येत नाहीत

सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमध्ये 1 किंवा 2 टीबीची साधी हार्ड डिस्क असते. डीव्हीआरच्या मेनूतलं फॉरमॅट बहुधा फक्त नोंदी काढतं, चित्रण तसंच राहतं. डिस्क काढून वरच्या पद्धतीनेच पुसा. ऑफिसच्या मोठ्या झेरॉक्स मशीनमध्येही बऱ्याचदा डिस्क असते आणि त्यावर कॉपी केलेल्या कागदांची चित्रं राहू शकतात. भाड्याचं मशीन परत करताना कंपनीकडून डेटा पुसल्याचं लेखी घ्या.

द्यायचं कुणाला

पुसलेल्या आणि चालू डिस्कला गिऱ्हाईक मिळतं, ती विका. फोडलेली डिस्क हातगाडीवाल्याला देऊ नका. ई-कचरा व्यवस्थापन नियम 2022 हे 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत आणि त्यानुसार ती नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे जायला हवी. नोंदणीकृतांची यादी केंद्रीय आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे मिळते. सोलापुरातून दोन-चार डिस्कसाठी कुणी गाडी पाठवणार नाही, म्हणून एमआयडीसीतल्या शेजारच्या चार-पाच कारखान्यांनी मिळून माल गोळा करावा आणि एकदम द्यावा.

देताना एका वहीत प्रत्येक डिस्कचा सीरियल नंबर, मॉडेल, पुसण्याची पद्धत, तारीख, तपासणी करणाऱ्याची सही आणि डिस्क कुणाला दिली ते लिहा. सीरियल नंबर लेबलवर एस-एन अक्षरांपुढे असतो, फोडण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवा. पुनर्चक्रण करणाऱ्याकडून मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर नुसतं अमुक किलो हार्ड डिस्क असं न घेता हेच सीरियल नंबर मागून घ्या.